गळाची हौस : ‘मानसोल्लास’ ते मुळा-मुठा

हौसेने गळ टाकून बसणे ही इंग्रजांची देणगी, असे आपल्याकडे सर्रास मानतात. मला ते पटत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरणच आहे. विनोद म्हणजे इथे करमणूक. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, कुणाला कसले आमिष घालावे, गळाची दोरी कशी असावी, हे सारे त्यात येते. म्हणजे हौसेलाही आधी माशाची ओळख हवी.

पुढे सात शतकांनी विल्यम सायक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या महसीरचे शास्त्रीय वर्णन केले (१८३९). ‘खुद्री’ हे नाव त्याने इथल्याच बोलीतून उचलले. मासा होता पुण्याच्या मुळा-मुठेतला. आज त्याच पात्रात शहराचे सांडपाणी वाहते. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीजकंपनीने १९७०च्या दशकापासून महसीरची पिल्ले वाढवली. पिल्ले वाढवता येतात, पण ती सोडायला नदी जिवंत लागते.

म्हणून गळ घेऊन बसणाऱ्यांना मी रिकामटेकडे म्हणत नाही. कोणता मासा कुठून नाहीसा झाला, हे आधी त्यांनाच कळते.