मानमोडीने तरणीताठी माणसे का नेली?

एरवी फ्लूच्या साथीत तान्ही मुले आणि वृद्ध अधिक दगावतात. १९१८ च्या साथीने, आपल्याकडच्या ‘मानमोडी’ने, हा क्रम मोडला. २० ते ४० वर्षांची धडधाकट माणसे तिने नेली. भारतात त्यांतही स्त्रिया अधिक.

मुंबईत जूनमध्ये गोदीवरचे पोलीस शिपाई तापाने पडले. ती लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी शहरात ७६८ मृत्यू झाले. आगगाडीने रोग देशभर नेला. त्या वर्षी पाऊसही फसला होता, धान्य महागले होते. जी काही भातकापणी व्हायची, ती करणारे हातच अंथरुणाला खिळले.

हे मृत्यू मोजायचे कसे? गावच्या नोंदीत कारण म्हणून बहुधा नुसते ‘ताप’ लिहिलेले असे, हिवतापही त्यातच. म्हणून आम्ही संशोधक वजाबाकी करतो. साथीच्या महिन्यांतील मृत्यूंतून आधीच्या वर्षांतील त्याच महिन्यांची सरासरी वजा केली, की उरतात ते ‘जादा मृत्यू’. भारतात ते सव्वा ते दोन कोटींच्या घरात असावेत. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली.

पण तरुणच का? एक मत असे, की वयस्कांना लहानपणी मिळत्याजुळत्या विषाणूची ओळख झाली होती. १८८९-९० च्या साथीच्या सुमारास जन्मलेल्यांची पहिली गाठ वेगळ्याच विषाणूशी पडली. दुसरे मत असे, की शरीराचा प्रतिकारच अनावर होऊन फुप्फुसे निकामी झाली. २००५ मध्ये हा विषाणू प्रयोगशाळेत पुन्हा घडवला गेला; २००७ मध्ये माकडांवरील प्रयोगांत असा अनावर प्रतिकार दिसला. त्यात जंतुजन्य न्यूमोनियाची भर पडे आणि प्रतिजैविके तेव्हा नव्हती. वाद अजून मिटलेला नाही.

तरुण माणूस गेले, की घरची कमाई जाते, मुले पोरकी होतात, पुढचे जन्मही घटतात. हे सारे आपल्याच तालुक्यात पडताळता येईल. जातीच्या दाखल्यासाठी ज्याची नक्कल काढतात, ते कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, तहसील कचेरीत असते. परवानगी घेऊन, नावे न उतरवता, १९१५ ते १९१८ मधील ऑक्टोबर-नोव्हेंबरचे मृत्यू मोजावेत. वय लिहिलेले असेल तेथे वयोगट पाडावेत. लोहमार्गावरचे आटगाव आणि लोहमार्गापासून दूर असलेले मुरबाडकडचे एखादे गाव, असे दोन आलेख विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी काढू द्यावेत. रोग कोणत्या वाटेने आला आणि कोणाला घेऊन गेला, हे मग त्यांनीच सांगावे.