कंठाशी आलेला जीव

मराठी माणूस फार घाबरला, फार दमला किंवा एखाद्याची वाट पाहून थकला की म्हणतो, जीव कंठाशी आला. बायबलमधल्या 69व्या स्तोत्रात एक बुडणारा माणूस देवाला हाक मारतो. पाणी कुठवर चढले हे सांगताना त्याने हिब्रू भाषेतला जो शब्द वापरला तो आहे ‘नेफेश’. नेफेश म्हणजे गळा. नेफेश म्हणजे गळ्यातून आत-बाहेर करणारा श्वास, त्या गळ्याला लागणारी तहान, त्या श्वासावर जगणारा प्राण आणि शेवटी तो जगणारा माणूसच. लॅटिनमध्ये या शब्दाचे ‘अनिमा’ झाले, पोर्तुगीजमध्ये ‘आल्मा’, इंग्रजीत ‘सोल’. आणि मराठीत?

छत्रपती संभाजीनगरात छावणीतल्या जुन्या चर्चमध्ये दाविदाची स्तोत्रे म्हटली जातात, तेव्हा देवासाठी तहानलेला असतो तो ‘जीव’. ‘आत्मा’ हा शब्द मराठी बायबलात जागोजागी आहे, पण तो मुख्यतः दुसऱ्या कामासाठी राखलेला आहे: ‘पवित्र आत्मा’, म्हणजे देवाचा आत्मा, आणि माणसाच्या आतली ती जागा, जिथे देव त्याला स्पर्श करतो. एका पत्रात संत पौलाने माणसाचे तीन घटक एका ओळीत मांडले आहेत. मराठी भाषांतरात तिथे आत्मा, जीव आणि शरीर असे तीन वेगळे शब्द येतात. ही वाटणी कशी झाली, त्याची ही कुळकथा.

श्वासाचे गोत्र

या सगळ्या शब्दांचे मूळ शोधत गेले की आपण एकाच ठिकाणी पोहोचतो, नाकासमोर. हिब्रू ‘रूआख’ म्हणजे वारा, श्वास आणि आत्मा. ग्रीक ‘प्न्यूमा’ म्हणजेही वारा आणि आत्मा. ग्रीक ‘प्सीखे’ हा शब्द फुंकण्याच्या क्रियेशी जोडलेला. लॅटिन ‘स्पिरितुस’ श्वास घेण्याच्या क्रियापदातून आला. लॅटिन ‘अनिमा’ आणि आपले ‘प्राण’ व ‘अनिल’ हे एकाच मुळाचे भाऊबंद. संस्कृत ‘आत्मन्’चे नातेही अनेक भाषाशास्त्रज्ञ जर्मन भाषेतल्या श्वासवाचक शब्दाशी लावतात.

संभाजीनगर शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर खुलताबाद आहे. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब 1337 साली वारले, त्यांचा दर्गा तिथे आहे. तिथल्या सूफी परंपरेत माणसाच्या आतल्या गोष्टीसाठी दोन शब्द येतात, ‘नफ्स’ आणि ‘रूह’. हे अरबी शब्द म्हणजे हिब्रू नेफेश आणि रूआख यांची सख्खी भावंडे. दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर पैठण. तिथे एकनाथांच्या घराण्यात आणि वारकऱ्यांच्या कीर्तनात जीव आणि शिव, आत्मा आणि परमात्मा हे शब्द शतकानुशतके घोळले. म्हणजे 1860 साली चर्च मिशनरी सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, काम सुरू केले आणि पारशी कुळातून ख्रिस्ती झालेले रेव्हरंड रतनजी नवरोजी इथे मराठीत प्रार्थना चालवू लागले, तेव्हा या मुलखात हे सगळे शब्द आधीपासून राहत होते. नवा पाहुणा आला तो भरल्या घरात.

उसना श्वास

बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात माणसाच्या निर्मितीची गोष्ट आहे. देव मातीचा माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो आणि तो माणूस जिवंत नेफेश होतो. ‘होतो’ हे क्रियापद इथे मोलाचे. माणसाला नेफेश मिळाला असे तिथे म्हटलेले नाही. माणूसच नेफेश झाला. त्याआधीच्या अध्यायात पाण्यातल्या जिवांनाही हाच शब्द लावलेला आहे. म्हणजे ख्रिस्ती विचाराच्या मुळाशी असलेला जीव मुळात उसन्या श्वासावर चालतो. तो अनादी नाही. त्याला कोणीतरी निर्माण केले आणि तो क्षणोक्षणी त्या देणाऱ्यावर अवलंबून आहे.

पुढे हा हिब्रू विचार ग्रीक जगात गेला. तिथे प्लेटोची प्सीखे होती: अमर, देहात अडकलेली, वरच्या जगाची आठवण काढणारी. चर्चच्या आचार्यांनी तिच्याकडून बरेच घेतले, पण एक गोष्ट सोडली नाही. जीव अमर आहे तो देवाच्या कृपेने, आणि तो देवाचा अंश नाही. संत ऑगस्टीन यांनी (354–430) स्मृती, बुद्धी आणि इच्छा या जिवाच्या तीन शक्तींत त्रैक्य परमेश्वराचे प्रतिबिंब पाहिले. प्रतिबिंब, म्हणजे आरशात दिसणारा सूर्य. सूर्य नव्हे.

इथून ख्रिस्ती गूढवाद्यांची खरी अडचण सुरू होते. देव आणि जीव वेगळे, हे धर्माने शिकवलेले. पण प्रार्थनेत बुडालेल्या माणसाला अनुभव येतो तो एकपणाचा. मग हा एकपणा सांगायचा कसा?

जर्मनीतले माइस्टर एकहार्ट हे ज्ञानदेवांचे समकालीन. 1290 साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा एकहार्ट तिशीच्या आसपास होते. जिवाच्या तळाशी एक ठिणगी आहे आणि तिथे देवाचा तळ आणि जिवाचा तळ एकच आहे, अशा भाषेत ते बोलले. 1329 साली पोपने त्यांची अठ्ठावीस विधाने तपासून काही चुकीची, काही संशयास्पद ठरवली. त्याआधीच ते वारले होते. त्यांचा अनुभव खोटा होता असे मला वाटत नाही. देव आणि जीव यांच्यात त्यांनी ओढलेली रेघ चर्चला फार बारीक वाटली, एवढेच.

सोळाव्या शतकात स्पेनमधल्या दोन कार्मेलाइट संतांनी ती रेघ नीट दिसेल अशी ओढली. आविलाच्या संत तेरेसा यांनी 1577 साली जिवाला स्फटिकाच्या किल्ल्याचे रूप दिले. त्यात सात महाल, बाहेरचे अंधारे आणि सरपटणाऱ्या जिवांनी भरलेले. आत जावे तसा उजेड वाढत जातो आणि ऐन मध्यावर राजा बसलेला. देवगिरीच्या कुशीत राहणाऱ्या वाचकाला हे चित्र उलगडून सांगावे लागत नाही. तटामागून तट, मग ती काळोखी अंधारी वाट, ती पार केल्याशिवाय वर पोहोचता येत नाही. त्याच देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत एकनाथ वाढले, आणि तेरेसांच्या पुस्तकाआधी चारच वर्षे, 1573 साली, त्यांनी काशीत एकनाथी भागवत पुरे केले. एकमेकांचे नावही ऐकलेले नसताना दोघे एकाच शतकात माणसाला आत वळायला सांगत होते.

तेरेसांचे सहकारी क्रूसाचे संत योहान (1542–1591) यांची उदाहरणे आणखी नेमकी आहेत. खिडकीची काच स्वच्छ असली तर ऊन तिला इतके व्यापते की काच कुठली आणि ऊन कुठले हे ओळखू येत नाही. तरी काच काचच राहते. ओले लाकूड आगीत पडले की आधी धुमसते, काळे पडते, घाण वास सोडते, आणि शेवटी आगीसारखेच लाल होते. त्या काळे पडण्याच्या अवस्थेला ते रात्र म्हणतात. जीव देवात सहभागी होऊन देवासारखा होतो, पण त्याचा स्वभाव निर्मिताचाच राहतो, हे त्यांचे उत्तर.

1616

जालना रोडवरच्या एसएफएस शाळेची मुले रोज ज्यांच्या नावाचा गणवेश घालतात, ते संत फ्रान्सिस डी सेल्स (1567–1622) याच गूढवाद्यांच्या घराण्यातले. देवाच्या प्रेमावरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1616 साली लियॉंमध्ये छापला गेला. त्यात ते जिवाला शलमोनाच्या मंदिराची उपमा देतात. मंदिराला एकामागून एक अंगणे, आणि सर्वांत आत परमपवित्र गाभारा. त्या गाभाऱ्याला खिडकी नव्हती. जिवाच्या टोकावरची जागाही तशीच: तिथे तर्काचा उजेड पोहोचत नाही, तिथे फक्त श्रद्धा आणि शरणागती. वेरूळच्या घृष्णेश्वराचा किंवा कोणत्याही जुन्या देवळाचा काळोखा गाभारा ज्याने पाहिला आहे, त्याला हा जिवाचा गाभारा अनोळखी वाटणार नाही.

त्याच 1616 साली गोव्यात रायतूरला दुसरा एक ग्रंथ छापला गेला, ‘क्रिस्तपुराण’. लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स, मूळचे इंग्लंडचे जेझुइट, 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यात उतरलेले. ते आले तेव्हा पैठणला एकनाथ हयात होते आणि ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध व्हायला अजून पाच वर्षे होती. स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा सांगायला ओवी निवडली, ज्ञानदेव-एकनाथांची ओवी, आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या. छापल्या रोमन लिपीत, पण भाषा मराठी.

शब्द निवडताना त्यांनी धीर दाखवला. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला. इथल्या माणसाच्या कानाला जो शब्द उंच वाटतो, त्याच शब्दात उंच गोष्ट सांगायची, हा त्यांचा नेम. मात्र काही शब्दांपाशी गोव्याची चर्चपरंपरा थबकली. गोव्यातल्या जुन्या प्रार्थनेत पवित्र आत्म्याचे नाव दीर्घकाळ पोर्तुगीज वळणानेच घेतले गेले, ‘स्पिरितु सांतु’. कारण उघड आहे. ‘आत्मा’ या शब्दामागे उपनिषदे आणि वेदान्त उभे होते. आत्मा जन्मत नाही, मरत नाही, आणि तोच ब्रह्म, अशी त्याची ख्याती. निर्माण झालेल्या, तहानलेल्या, पापाने मळलेल्या आणि कृपेने धुतल्या जाणाऱ्या नेफेशला हे वस्त्र अंगाबाहेर होते.

वाटणी

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न छापखान्याच्या खिळ्यांपर्यंत आला. विल्यम कॅरी यांनी 1811 साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठी नवा करार काढला. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचा नवा करार 1826 साली आला आणि संपूर्ण मराठी बायबल 1847 साली. या कामात पिढ्यान्‌पिढ्या पंडित आणि पाद्री शेजारी बसले. त्यातून जी रीत स्थिरावली ती अशी: नेफेश आणि प्सीखे यांना जीव, रूआख आणि प्न्यूमा यांना आत्मा.

या वाटणीत काही हरवलेही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेमाशी बोलताना एकाच ग्रीक शब्दावर वारा आणि आत्मा हे दोन्ही अर्थ तोलून धरतो. मराठीत तिथे एकदा वारा आणि एकदा आत्मा लिहावे लागते, श्लेष तुटतो. दुसरे नुकसान लिंगाचे. नेफेश, प्सीखे, अनिमा, स्पॅनिश ‘आल्मा’ हे सगळे स्त्रीलिंगी शब्द. त्यामुळे युरोपातल्या संतांनी जिवाला सहज वधू केले आणि ख्रिस्ताला वर. मराठीत जीवही पुल्लिंगी आणि आत्माही पुल्लिंगी.

पण इथे मराठी भक्तीने ख्रिस्ती भक्तीला हात दिला. ज्ञानदेवांच्या विराण्यांत आणि एकनाथांच्या गवळणींत पुरुष संत स्त्रीच्या मुखाने बोलतो. 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेणारे नारायण वामन टिळक हीच शिदोरी घेऊन चर्चमध्ये आले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले, ख्रिस्ताला माउली म्हटले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आज मराठी चर्चच्या उपासना संगीतात जो जीव बोलतो, त्याच्या बोलण्यात देहूचा सूर आहे.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहिली. जुन्या भाषांतरातली संस्कृतप्रचुर भाषा गावातल्या बायकांना कळत नाही म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि एकटीने बायबल सोप्या मराठीत आणले. 1922 साली त्या गेल्या, 1924 साली ते भाषांतर बाहेर आले.

मराठवाड्यात ख्रिस्ती झालेली बहुतेक माणसे गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आली होती. वेदान्ताचे ग्रंथ त्यांच्यासाठी उघडलेले नव्हते. पण ‘जीव’ हा शब्द त्यांच्या घरात होता. जात्यावरच्या ओवीत होता, लेकराला जीव लावण्यात होता, दुष्काळात जीव जगवण्यात होता. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या बेथेल गावात किंवा औरंगाबादच्या छावणीत त्यांनी पहिल्यांदा ऐकले की देवाला हवा आहे तो हाच जीव, तेव्हा तो शब्द कोणी समजावून सांगावा लागला नसेल.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. भाषांतरकारांनी ‘आत्मा’ हा मोठा शब्द बाजूला ठेवून ‘जीव’ हा लहान शब्द घेतला, ते बरोबर केले. ख्रिस्ती संतांच्या दृष्टीने माणसाचा मोठेपणा त्याच्या गरजेत आहे. तो स्वतः प्रकाश नाही; प्रकाश आत येऊ देणारी काच आहे. ही गोष्ट ‘जीव’ या शब्दात जितकी खरी उतरते, तितकी दुसऱ्या मराठी शब्दात उतरत नाही. हल्ली चर्चमधल्या भाषणांत आणि शोकपत्रांत सरसकट ‘आत्मा’ येऊ लागला आहे. वक्त्यांना आणि लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे, हा भेद पुसू नका. पैठणपासून रायतूरपर्यंत अनेकांनी घासूनपुसून दिलेला हा शब्द आहे. पुढच्या रविवारी स्तोत्र म्हणताना ‘जीव’ या शब्दाशी क्षणभर थांबा आणि गळ्यावर हात ठेवून पाहा. हिब्रू कवीने जिथून देवाला हाक मारली, ती जागा तिथेच आहे.