लहान मुलांच्या ताटात नेमकं किती वाढायचं? ‘काहीच खात नाही’ या तक्रारीमागचं गणित

‘आज दिवसभरात काहीच खाल्लं नाही गं याने.’ लहान मूल असलेल्या बहुतेक घरांमध्ये हे वाक्य रोज एकदा तरी ऐकू येतं.

मग आई वाटी घेऊन मुलाच्या मागे फिरते, आजी काऊ-चिऊच्या नावाने घास भरवते, बाबा मोबाइलवर गाणी लावून देतात. वाटी रिकामी झाली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

पण त्या वाटीत जेवढं वाढलं होतं, तेवढी मुलाची गरज होती का? हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ‘मूल खात नाही’ या तक्रारीचं उत्तर मात्र अनेकदा त्यातच असतं.

आधी पोट केवढं आहे ते पाहू

लहान मुलाच्या जठराची क्षमता त्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅम धरली जाते. म्हणजे ८ किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे २४० ग्रॅम अन्न मावू शकतं. त्यात दूध आणि पाणीही आलं.

याचा अर्थ असा की बाळाला जास्त ताकद मिळावी म्हणून एका वेळचं जेवण हवं तेवढं वाढवता येत नाही. हातात दोनच गोष्टी उरतात. दिवसातून किती वेळा खायला द्यायचं आणि प्रत्येक घासात किती सत्त्व असेल.

६ महिने ते २ वर्षं: किती आणि किती वेळा?

पहिले ६ महिने फक्त आईचं दूध आणि त्यानंतर दुधासोबत वरचं अन्न, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आईचं दूध २ वर्षं किंवा त्यापुढेही सुरू ठेवता येतं. आईचं दूध पिणाऱ्या बाळासाठी वरच्या अन्नाचं माप साधारण असं सांगितलं जातं:

• ६ महिने पूर्ण झाल्यावर: एका वेळी २ ते ३ मोठे चमचे. ८ महिन्यांपर्यंत हळूहळू २५० मिलीच्या वाटीची अर्धी वाटी. दिवसातून २ ते ३ वेळा.

• ९ ते ११ महिने: २५० मिलीची अर्धी वाटी, दिवसातून ३ ते ४ वेळा. शिवाय भूक असेल तसं १ ते २ वेळा मधलं खाणं.

• १२ ते २३ महिने: पाऊण ते एक वाटी, दिवसातून ३ ते ४ वेळा. शिवाय १ ते २ वेळा मधलं खाणं.

यामागे ऊर्जेचा हिशोब आहे. वरच्या अन्नातून ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण २०० कॅलरी, ९ ते ११ महिन्यांत ३०० आणि दुसऱ्या वर्षात ५५० कॅलरी लागतात. बाकीची गरज आईचं दूध भागवतं. आईचं दूध बंद झालं असेल, तर खाण्याच्या १ ते २ वेळा वाढवाव्या लागतात.

‘वाटी’ म्हणजे कोणती वाटी?

गोंधळ इथेच होतो. हे माप २५० मिलीच्या वाटीचं आहे. आपल्याकडे आमटीच्या वाट्या अनेकदा यापेक्षा बऱ्याच लहान असतात, तर काही घरांतले बाउल त्याहून मोठे असतात. त्यामुळे एकीच्या घरची ‘एक वाटी’ दुसरीच्या घरी अर्धीच भरते.

उपाय सोपा आहे. औषधाच्या किंवा स्वयंपाकाच्या मापाने घरातल्या वाटीत किती मिली पाणी मावतं ते एकदा मोजून घ्यायचं आणि बाळासाठी तीच वाटी ठरवून टाकायची. बाळाचं अन्न वेगळ्या वाटीत वाढलं, तर त्याने किती खाल्लं तेही नीट कळतं. आईच्या ताटातून दोन-चार घास भरवले, तर हा अंदाज येत नाही.

पातळ की घट्ट?

बाळाला पचायला हलकं म्हणून अनेक घरांत डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज किंवा पातळ सूप दिलं जातं. त्याने पोट भरतं, पण ते बहुतांश पाण्याने. वाटी रिकामी होते, बाळ शांत होतं आणि वजन मात्र वाढत नाही.

चमचा तिरका केला तरी अन्न लगेच ओघळून पडू नये, इतपत ते घट्ट हवं, अशी सोपी खूण सांगितली जाते. डाळीच्या पाण्याऐवजी डाळच कुस्करून घातलेला गुरगुट्या भात, दुधात शिजवलेली घट्ट नाचणी, मऊ खिचडी, कुस्करलेलं केळं किंवा उकडलेलं अंडं त्याच वाटीत कितीतरी जास्त पोषण देतं. वरून एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम तूप घातलं, तर वाटीचा आकार न वाढता सुमारे ४५ कॅलरी वाढतात.

वर्षानंतर भूक एकदम कमी का होते?

‘आधी छान खायचा, आता तोंडच फिरवतो,’ ही तक्रार बहुतेक वेळा पहिल्या वाढदिवसानंतर सुरू होते. त्याचं कारण वाढीच्या वेगात आहे.

३ किलोचं जन्मलेलं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण ९ किलोचं होतं. म्हणजे वजन तिप्पट. दुसऱ्या वर्षात मात्र त्यात साधारण २ ते अडीच किलोचीच भर पडते. वाढीचा वेग कमी झाला की वजनाच्या मानाने भूकही कमी होते. हा आजार नाही. पण घरच्यांच्या डोळ्यासमोर पहिल्या वर्षातलं मूल असतं आणि ताट त्याच अंदाजाने वाढलं जातं.

मुलांना स्वतःची भूक कळते का?

या प्रश्नावर जवळपास शंभर वर्षांपासून अभ्यास होत आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२६ पासून सुरू केलेल्या प्रयोगात नुकतंच वरचं अन्न खाऊ लागलेल्या १५ मुलांना आपलं अन्न स्वतः निवडू दिलं. परिचारिका समोर बसायची, पण मूल ज्या पदार्थाकडे बोट दाखवेल तोच भरवायची. आग्रह करायचा नाही, कौतुकही करायचं नाही. मुलांचं खाणं विचित्र होतं, एका जेवणाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. तरीही मुलं छान वाढली.

मात्र डेव्हिस यांनी स्वतःच एक गोष्ट स्पष्ट केली होती. यादीतले ३४ पदार्थ साधे आणि पौष्टिक होते. त्यात साखर नव्हती, डबाबंद पदार्थ नव्हते. निवड मुलांची होती, पण यादी मोठ्यांची होती. समोर बिस्किटं आणि वेफर्स असते, तर प्रयोगाचा निकाल असाच लागला असता असं म्हणता येत नाही.

१९९१ मध्ये लिअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २ ते ५ वर्षांच्या १५ मुलांचं खाणं मोजलं. एकाच मुलाच्या वेगवेगळ्या दिवसांच्या जेवणांत सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास फरक दिसला. पूर्ण दिवसाच्या कॅलरींमध्ये मात्र तो जेमतेम १० टक्के होता. दुपारी कमी खाल्लेलं मूल पुढच्या खाण्यात ती कसर भरून काढत होतं.

म्हणूनच एका जेवणावरून ‘काहीच खाल्लं नाही’ असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरू शकतं.

मग मोठ्यांनी ठरवायचं काय?

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८०च्या दशकात यासाठी कामाची एक वाटणी सुचवली. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने.

रोजच्या जेवणात ते असं आणता येईल:

• थोडं वाढा, मागितलं तर पुन्हा वाढा. २ वर्षांवरच्या मुलांसाठी एक ढोबळ अंदाज म्हणजे वयाच्या प्रत्येक वर्षामागे प्रत्येक पदार्थ एक मोठा चमचा. ३ वर्षांच्या मुलीला ३ चमचे भात, ३ चमचे वरण आणि ३ चमचे भाजी. ही सुरुवात आहे, मर्यादा नाही.

• ताट मोठं भरू नका. २००३च्या एका अमेरिकी अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना मुख्य पदार्थ दुप्पट वाढला, तेव्हा त्यांनी तो सुमारे २५ टक्के जास्त खाल्ला. स्वतःच्या हाताने वाढून घेऊ दिलं, तेव्हा मात्र त्यांचं खाणं कमी झालं. भूक नसतानाही ताट संपवण्याची सवय अशीच लागते.

• दोन खाण्यांमध्ये २ ते ३ तासांचं अंतर ठेवा. जेवणाच्या अर्धा तास आधी दिलेलं दूध किंवा बिस्किट हे ‘न जेवण्याचं’ मोठं कारण असतं. वर्षानंतर गाई-म्हशीचं दूध दिवसाला साधारण अर्ध्या लिटरपेक्षा जास्त झालं, तर जेवणाला जागा उरत नाही आणि लोहाची कमतरता होण्याचा धोका वाढतो.

• जेवताना मोबाइल आणि टीव्ही बंद. स्क्रीनकडे पाहत खाणाऱ्या मुलाला पोट भरल्याची जाणीव होत नाही आणि भरवणाऱ्याला मुलाच्या खुणा दिसत नाहीत.

हा सल्ला सगळ्यांनाच लागू होतो का?

नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीनुसार महाराष्ट्रात ५ वर्षांखालच्या सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. सुमारे २६ टक्के मुलं उंचीच्या मानाने कृश होती. अशा मुलांच्या बाबतीत ‘भूक लागली की खाईल’ म्हणून थांबणं धोक्याचं ठरू शकतं. कुपोषित किंवा आजारी मुलाची भूकच मंदावलेली असते, त्यामुळे तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

२ वर्षांखालच्या बाळाला तर शेजारी बसून, बोलत, धीराने भरवावंच लागतं. पण प्रोत्साहन वेगळं आणि जबरदस्ती वेगळी. बाळ तोंड उघडतं, चमच्याकडे झुकतं, तेव्हा घास द्यायचा. मान फिरवली, ओठ घट्ट मिटले, अन्न बाहेर ढकललं, तर थोडं थांबून पुन्हा एकदा विचारायचं आणि तरीही नको असेल तर जेवण संपवायचं. नाक दाबून किंवा हात धरून भरवल्यास घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. आजारपणात थोडं थोडं पण जास्त वेळा द्यावं आणि बरं झाल्यावर साधारण २ आठवडे रोज एक जेवण वाढवावं, असं सांगितलं जातं.

पुरेसं खाल्लं की नाही, हे कसं ओळखायचं?

रिकाम्या ताटापेक्षा वाढीचा आलेख जास्त खरं सांगतो. माता-बाल संरक्षण कार्डवर हा आलेख असतो आणि अंगणवाडीत मुलांचं वजन घेऊन तो भरला जातो. मूल बारीक दिसत असलं, तरी त्याची रेषा आलेखाला समांतर वर जात असेल आणि ते खेळकर असेल, तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं.

पण पुढीलपैकी काही दिसलं, तर डॉक्टरांना किंवा अंगणवाडी सेविकेला लवकर दाखवायला हवं:

• वजन सलग दोन-तीन महिने वाढलं नाही किंवा घटलं.

• ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाचा दंडघेर १२.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला. ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी दंडघेर हे तीव्र कुपोषणाचं लक्षण आहे. तेव्हा एक दिवसही थांबू नये.

• दोन्ही पावलांवर सूज आली.

• खाताना वारंवार ठसका लागतो, उलट्या होतात किंवा मूल सतत मलूल आणि फिकट दिसतं.

यातलं काहीच नसेल, आलेख वर जात असेल आणि तरीही ताटात दोन घास उरले असतील, तर ते उरू द्यावेत. पुढच्या वेळी दोन घास कमी वाढावेत आणि मुलाने ‘अजून’ म्हटलं की पुन्हा वाढावं.