थकलेलं भाडं आणि ९० दिवस

परवा माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या चाळीच्या भाडेपावत्या सापडल्या, आणि कायदाच वाचत बसलो. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात थकबाकीची नोटीस दिल्यावर मालकाने महिनाभर थांबायचं, मगच दावा. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला नि महिन्याचे ९० दिवस झाले. समन्स मिळाल्यावर आणखी ९० दिवस: तेवढ्यात थकबाकी, १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, पुढचं भाडंही नियमित भरलं, तर थकबाकीपायी जागा जात नाही.

मी मात्र लीव्ह अँड लायसन्सवाला! मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाणार. समन्सनंतर ३० दिवसांत शपथपत्र देऊन लढायची परवानगी मागायची, नाहीतर बाहेर. आज रात्री अॅग्रीमेंट पुन्हा नीट वाचणार आहे. तुम्हीही वाचा.