मूळ प्रत आणि नवे भाष्य : एका जपानी यंत्राचा जीर्णोद्धार

जुने वाहन मूळ रूपात उभे करणे आणि ते आपल्या रुचीप्रमाणे बदलणे, ही दोन्ही कामे एकाच गॅरेजात, एकाच मेकॅनिकच्या हातून होतात. त्यामुळे ती एकच आहेत असा समज रूढ झाला आहे. साहित्याच्या अभ्यासकांना हा घोटाळा अपरिचित नाही. पोथीची पाठशुद्धी आणि पोथीवरचे नवे काव्य ही कामेही पुष्कळदा एकाच व्यक्तीने केली आहेत. जपानी वेगवान वाहनांच्या इतिहासाकडे याच दृष्टीने पाहावे, असे आम्हांस वाटते.

या इतिहासातील एक प्रमुख नाव डॅटसन २४० झेड या मोटारीचे. १९६९ मध्ये निस्सानने ती बाजारात आणली. जपानात तिचे नाव 'फेअरलेडी झेड' होते. अमेरिकेतील विक्रीची धुरा वाहणाऱ्या युताका कातायामा यांना ते रुचले नाही आणि तेथे तिच्यावर '२४० झेड' ही अक्षरे आली. म्हणजे एकाच कृतीच्या दोन प्रती, दोन शीर्षकांनिशी, आरंभापासूनच प्रचारात होत्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात निस्साननेच अमेरिकेत अशा जुन्या गाड्या विकत घेऊन, त्या पूर्ववत करून पुन्हा विकल्या. २०१७ मध्ये माझदानेही आपल्या पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी जपानात असाच उपक्रम जाहीर केला. कारखान्याने स्वतःच्या जुन्या कृतीची संपादित आवृत्ती काढावी, तसाच हा प्रकार.

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ हे गाव १९९९ मध्ये तालुक्याचे ठिकाण झाले. अशा गावी या मोटारी पोचण्याचा मार्ग जवळजवळ बंदच आहे. भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार सर्वसाधारणपणे आयात करता येत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांचा अपवाद वेगळा. मात्र जपानी वेग मराठवाड्याच्या तालुक्यांत आला तो दोन चाकांवरून. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० चे भारतीय रूप 'राजदूत ३५०' या नावाने आणले. १९८५ मध्ये आरएक्स १०० आली. तिचे आरंभीचे संच जपानहून सुट्या भागांत येत व येथे जोडले जात. १९८६ मध्ये बजाजने कावासाकीच्या सहकार्याने केबी १०० काढली. यांतील आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, आणि थांबताच तिचे जपणे सुरू झाले. महाराष्ट्रातील लहान गावांतही आज तिचा शोध घेणारे आहेत. आपल्याकडे जपानी क्रीडा-मोटारीची जागा तिने घेतली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या यंत्राची अवघड बाजू अशी की ते दुरुस्त करताना झिजते. आरएक्स १०० च्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर. आतली भिंत झिजली की इंजिन बोअर करतात, म्हणजे ती भिंत खरवडून किंचित रुंद करतात व त्या मापाचा मोठा पिस्टन बसवतात. हे माप पाव-पाव मिलिमीटरने वाढत जाते. अशा तीन-चार दुरुस्त्यांनंतर मूळ धातूत आणखी खरवडण्याजोगे काही उरत नाही. मग नवी स्लीव्ह तरी घालावी लागते किंवा सिलिंडरच बदलावे लागते. क्रोमचेही तसेच. गंज घालवण्यासाठी पत्रा फार घासला, तर त्यावर दाबून उमटवलेली अक्षरे पुसट होतात. जीर्णोद्धाराचा प्रत्येक प्रयत्न मूळ वस्तूचा थोडा अंश खर्च करतो. जुनी पोथी पुन्हा पुन्हा हाताळणाऱ्यांस हे निराळे सांगावयास नको.

मग बदल करूच नयेत काय? येथे मराठवाड्याचेच एक उदाहरण मार्गदर्शक ठरेल. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. त्याच एकनाथांनी भावार्थरामायणात रामकथा मोकळ्या मनाने आपल्या काळाच्या भाषेत नव्याने मांडली. पहिल्या कामात त्यांनी हात आवरला, दुसऱ्यात सैल सोडला. आणि एकाची मुभा दुसऱ्यात येऊ दिली नाही. सुरुचीचे याहून चांगले लक्षण आम्हांस माहीत नाही.

वाहनाला हा निकष लावला की बऱ्याच गोष्टी स्पष्ट होतात. चांगले टायर, उजळ दिवा, नवी वायरिंग हे बदल भाष्यासारखे आहेत: ते वेगळे काढता येतात आणि खालची संहिता शाबूत राहते. सिलिंडरची पोर्टे कानशीने रुंद करणे किंवा सांगाडा कापणे हे मात्र मूळ ओवी खोडण्यासारखे. ते परत फिरवता येत नाही. आवाजासाठी सायलेन्सरची आतली नळी काढून टाकण्याची हौस तर अज्ञानातून येते. टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. त्यातून परतणारी दाबाची लाट निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. ती लाट बिघडली की गाडी गर्जते अधिक आणि ओढते कमी.

राजदूत ३५० मात्र या सोप्या विभागणीला आव्हान देते. जपानी आरडी ३५० च्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. भारतीय आवृत्तीत त्या जागी ड्रम आला आणि इंजिनाची शक्तीही उतरवली गेली. आज तिला डिस्क बसवणारा मूळ पाठाकडे जातो, की येथील पाठ मोडतो? आमच्या मते रूपांतरालाही स्वतःचे मूळपण असते. येथील रस्त्यांवर धावली ती ड्रमवालीच. आपण कोणती प्रत शुद्ध करीत आहोत हे आधी ठरवावे. डिस्क बसवायचीच असेल तर बसवावी, परंतु ड्रम जपून ठेवावा.

कायद्यानेही संहितेची आपली व्याख्या केली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल रोखते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ रचनेत फेरफार करता येणार नाहीत असे स्पष्ट केले. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली. अट ही की सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. १९८५ मध्ये नोंदलेली पहिली आरएक्स १०० या मर्यादेपाशी २०३५ मध्ये पोचेल. तोवर किती प्रती अखंड राहतील, हे आज गॅरेजांत कानस हाती घेतलेल्यांवर अवलंबून आहे. पुढे या काळाचा इतिहास लिहिणाऱ्याला साधन म्हणून जे मिळेल, ते आज कोणी तरी न कापलेलेच असेल.