पुणे मध्य : एकाच निवडणुकीचा मतदारसंघ

‘पुणे मध्य’ हा तत्कालीन मुंबई राज्यातील लोकसभा मतदारसंघ. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथून काँग्रेसचे काकासाहेब गाडगीळ निवडून आले. शेजारच्या ‘पुणे दक्षिण’मधून त्याच पक्षाच्या इंदिराबाई मायदेव. १९५७ च्या निवडणुकीत ही दोन्ही नावे उरली नाहीत, ‘पुणे’ हा मतदारसंघ आला. तोवर संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने वारे फिरले होते. वास्तविक मुंबईसह महाराष्ट्राची बाजू गाडगीळांनी लोकसभेत परखडपणे मांडली होती. तथापि काँग्रेसची उमेदवारीच त्यांना भोवली. प्रजासमाजवादी पक्षाचे नानासाहेब गोरे विजयी झाले. गाडगीळ १९५८ मध्ये पंजाबचे राज्यपाल आणि पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले.