नकाशातली मोकळी जागा

नकाशा हा निष्पाप कागद नव्हे. जमीन कोणाची, सारा किती, फौज कोणत्या वाटेने न्यायची, या प्रश्नांतून तो वाढला. १८०२ साली लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजली. राबणारे हात इथलेच होते. नकाशा मात्र कंपनी सरकारचा झाला.

ही मक्तेदारी अलीकडे ढिली झाली. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएस संकेतांत सामान्यांसाठी मुद्दाम ठेवलेली चूक काढली. शंभर मीटरांपर्यंतची फसगत दहा-वीस मीटरांवर आली. सरकारी नकाशांची माहिती विकत आणि अटींवर मिळे, म्हणून २००४ मध्ये इंग्लंडात स्टीव्ह कोस्टने लोकांनीच भरायचा ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. २००५ मध्ये गूगलचा नकाशा आला. पुढे २००८ मध्ये गूगलने मॅप मेकर काढून लोकांकडून रस्ते-वस्त्या भरून घेतल्या आणि २०१७ मध्ये तो बंद केला. श्रम लोकांचे, मालकी कंपनीची! हा फरक आपण ओळखला पाहिजे.

नैरोबीतील किबेरा ही लाखोंची झोपडवस्ती नकाशावर कोरी होती. २००९ मध्ये तिथल्याच तरुणांनी जीपीएस हातात घेऊन नळ, संडास, दवाखाने, शाळा ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदवल्या. माणसे होतीच, दखल नव्हती.

हे वाचून मी माझे गाव शोधले. देऊळ होते, चावडी होती. आमची वस्ती म्हणजे करडा डाग. सुट्टीत चार विद्यार्थ्यांना घेऊन गेलो. विहीर, बुद्धविहार, अंगणवाडी नोंदवली. आणि स्मशानाची वाट, जिच्यावरून प्रत्येक मयताला बांधावर तंटा होतो.

एका पोराने विचारले, "सर, वस्तीचं नाव काय लिहायचं?" मी थबकलो. जुने नाव जातीचे. अशी नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पण गावाच्या तोंडी तेच आहे. ते लिहिले तर शिक्का आपणच मारणार. काहीच न लिहिले तर पुन्हा मोकळी जागा. माझी आई ओट्यावरून म्हणाली, "आरं, भीमनगर लिव्ह की. आपलं नाव आपण ठिवायचं."

तेच लिहिले.

नकाशात आल्याने वाट मिळत नाही, हे मला कळते. तंटा अजून मिटलेला नाही. पण 'इथे वाट नव्हतीच' असे म्हणणाऱ्यासमोर आता आमचीही रेषा आहे. ती पुसली जाऊ नये, यासाठी आपल्या पोरांनी मोजणी शिकली पाहिजे.